आयात परवान्यांचा हिशेब आधी लातूरला द्या

नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिका, युरोपीय संघ, जपान आणि त्यांच्याबरोबरच्या काही देशांनी जागतिक व्यापार संघटनेत एक प्रस्ताव ठेवला. जो देश आपले व्यापाराचे नियम मुदतीत संघटनेला कळवणार नाही, त्याच्या प्रतिनिधीला समित्यांचे अध्यक्षपद देऊ नये, त्याच्याकडून जादा वर्गणी घ्यावी, असा त्याचा रोख होता. २०१९ च्या मध्यावर भारत, क्यूबा आणि आफ्रिकी गटाने उत्तर दिले: ज्यांच्याकडे हे कागद भरायला माणूस नाही त्यांना शिक्षा कसली करता? वाद तिथेच रुतून बसला. आपल्याकडे तर तो आणखी आक्रसतो. एक बाजू म्हणते, पारदर्शकता हे श्रीमंत देशांचे हत्यार आहे. दुसरी म्हणते, सही केली आहे तर नियम पाळा. आयात परवान्यांपुरते बोलायचे तर ही माहिती ज्याच्यासाठी असते त्यालाच दोन्ही बाजूंनी चर्चेबाहेर ठेवले आहे. परवान्याचा प्रत्येक नियम नेमका, पूर्ण आणि लागू होण्याआधी कळवलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पण जिनिव्हाच्या, म्हणजे संघटनेच्या मुख्यालयाच्या, धाकाने नव्हे. ज्याचे पैसे त्या नियमात अडकतात तो लातूरचा डाळमिलवाला, मशीद बंदरचा आयातदार, लासलगावचा कांदा व्यापारी या माहितीचा पहिला हक्कदार आहे. आज देश जे फॉर्म भरून पाठवतात त्यात त्याच्या कामाचे प्रश्न फार थोडे आहेत, आणि सुधारणा करायची तर ती तिथून करायला हवी.

करारात नेमके काय आहे, हे या वादात फारसे कोणी सांगत नाही. १ जानेवारी १९९५ पासून लागू असलेला आयात परवाना पद्धतींचा करार अवघ्या आठ कलमांचा आहे. नियम शक्यतो लागू होण्याच्या २१ दिवस आधी प्रसिद्ध करा. त्या दिवसाच्या नंतर तर कधीच नाही. अर्जासाठी एकच कार्यालय असावे, अगदीच नाइलाज असेल तर तीनपर्यंत. कागदपत्रांतल्या किरकोळ चुकीसाठी अर्ज फेटाळू नका. जो मागेल त्याला मिळतोच असा परवाना स्वयंचलित. तो जास्तीत जास्त १० कामकाजाच्या दिवसांत द्या. कोटा किंवा निर्बंध राबवण्यासाठी असलेला परवाना बिगर-स्वयंचलित. तो आलेल्या क्रमाने देत असाल तर ३० दिवसांत आणि सगळे अर्ज एकत्र तपासत असाल तर ६० दिवसांत निकाली काढा. कळवायचे कागद तीन प्रकारचे: कायदे आणि नियम कुठे प्रसिद्ध होतात त्याची माहिती, नवी पद्धत किंवा बदल प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांत त्याचा तपशील, आणि दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत एकोणीस प्रश्नांची प्रश्नावली. संघटनेच्या १६६ सदस्यांपैकी काहींनी आजवर यातला एकही कागद पाठवलेला नाही. जे पाठवतात त्यांच्यापैकीही अनेकांचे उत्तर 'गेल्या वर्षीपेक्षा बदल नाही' एवढ्यावर संपते.

पहिली गफलत 'परवाना' या शब्दापासूनच सुरू होते. कराराने परवान्याची व्याख्या नावावरून केलेली नाही. कस्टम्सच्या नेहमीच्या कागदांखेरीज दुसऱ्या एखाद्या कार्यालयाकडे आधी अर्ज किंवा कागद दिल्याशिवाय माल आत येत नसेल, तर ती परवाना पद्धत. मग तिला नोंदणी म्हणा, शिफारसपत्र म्हणा नाहीतर देखरेख. अर्जेंटिनाने फेब्रुवारी २०१२ मध्ये प्रत्येक आयातीसाठी आगाऊ प्रतिज्ञापत्राची पद्धत आणली आणि ही केवळ कस्टम्सची औपचारिकता आहे असे सांगितले. युरोपीय संघ, अमेरिका आणि जपान यांनी संघटनेकडे तंटा नेला, आणि २०१४-१५ मध्ये निकाल अर्जेंटिनाच्या विरोधात लागला. आपल्याकडे पोलाद आयात देखरेख प्रणाली १ नोव्हेंबर २०१९ पासून लागू झाली. तिच्या मूळ रूपात माल पोचण्याच्या ६० ते १५ दिवस आधी ऑनलाइन नोंदणी करायची, किमतीवर हजारी १ रुपया शुल्क (किमान ५००, कमाल १ लाख) भरायचे, आणि मिळालेला क्रमांक ७५ दिवस चालायचा. नोंदणी आपोआप मिळते हे खरे. पण क्रमांकाशिवाय बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सला द्यायचे आयातीचे विवरणपत्र) पुढे सरकत नाही, म्हणजे कराराच्या भाषेत ही परवाना पद्धतच ठरते. दुबईच्या जेबेल अली बंदराहून आठवड्याच्या आत न्हावा शेवाला पोचणाऱ्या मालासाठी १५ दिवसांची अट म्हणजे सौदा पक्का होण्याआधी नोंदणी. नियम कागदावर मांडताना 'स्वयंचलित' हा एक शब्द लिहिला की ही अडचण त्या शब्दाखाली झाकली जाते.

आता विरोधकांचे म्हणणे पाहू. ते हलके नाही. पहिला मुद्दा मनुष्यबळाचा. परवान्याची हीच माहिती थोड्या फरकाने चार ठिकाणी द्यावी लागते: परवाना समितीला तीन कागद, २०१२ च्या निर्णयानुसार दर दोन वर्षांनी संख्यात्मक निर्बंधांची यादी, शेतमालाच्या शुल्ककोट्यांचा (ठरावीक प्रमाणापर्यंत कमी शुल्क) कृषी समितीला वेगळा तक्ता, शिवाय व्यापार धोरण परीक्षण. मलावीसारख्या देशाने यासाठी किती अधिकारी ठेवायचे? भारताचीही अडचण आहे, फक्त वेगळ्या प्रकारची. आपल्याकडे सगळे आयात परवाने एका छताखाली नाहीत. निर्बंधित मालाचे परवाने विदेश व्यापार महासंचालनालय देते, औषधांचे १९४० च्या औषध कायद्याखाली केंद्रीय औषध नियंत्रक देतो, रोपे आणि बियाण्यांसाठी २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाखाली वेगळा परवाना लागतो, आणि प्राणिजन्य मालासाठी पशुसंवर्धन खात्याचा. जिनिव्हाला उत्तर देणारे वाणिज्य मंत्रालय यातल्या तीन खात्यांचा बदल राजपत्र चाळून शोधणार की कोणी कळवण्याची वाट पाहणार? म्हणून शिक्षेचा प्रस्ताव मलाही निरुपयोगी वाटतो. दंड टाळण्यासाठी भरलेला फॉर्म रिकाम्या फॉर्मपेक्षा वाईट, कारण तो पूर्ण असल्याचा आभास निर्माण करतो. पण मनुष्यबळाच्या तुटवड्यावरचा उपाय कमी कळवणे हा नाही. एकदाच लिहून चारही ठिकाणी वापरणे हा आहे. राजपत्रात अधिसूचना निघते त्याच दिवशी तिच्यासोबत ठरावीक रकान्यांचा एक तक्ता निघाला, तर जिनिव्हाचा कागद निम्म्याहून अधिक तयारच असतो. ६० दिवसांची मुदत टपालाच्या काळातली आहे. आज ती उशिराला मिळालेली परवानगी ठरते.

दुसरा मुद्दा भीतीचा आहे: स्वतःहून कळवले तर तोच कागद उद्या आपल्याविरुद्ध पुरावा होईल. भारताला हा अनुभव आहे, असे लोक सांगतात. परकीय चलनाच्या टंचाईचे कारण देऊन आपण ठेवलेले निर्बंध अमेरिकेने तंट्यात नेले, १९९९ मध्ये आपण हरलो, आणि १ एप्रिल २००० ला ७१४ व १ एप्रिल २००१ ला ७१५ वस्तूंवरचे निर्बंध उठवावे लागले. पण तो तंटा हरण्याचे कारण आपण माहिती दिली हे नव्हते. परकीय चलनाचा साठा तोवर पुरेसा झाला होता आणि ते आकडे जगजाहीर होते. उलट न कळवलेल्या गोष्टी लपून राहतात का? तुर्कस्तानने तांदळाच्या आयातीसाठी लागणारे नियंत्रण प्रमाणपत्र देणेच बंद केले होते. तसा नियम कुठेही छापलेला नव्हता. अमेरिकेने ते तंट्यात नेले आणि २००७ मध्ये सिद्ध केले. अर्जेंटिनात मोटारी आणायच्या तर तेवढ्या किमतीचा दुसरा माल निर्यात करा, ही अट तोंडी होती. म्हणून एक जर्मन मोटार कंपनी तिथून तांदूळ निर्यात करायला तयार झाली. ही तोंडी अटसुद्धा मंत्र्यांची विधाने, बातम्या आणि कंपन्यांचे कागद जोडून सिद्ध झाली. शिवाय कराराच्या पाचव्या कलमात स्पष्ट तरतूद आहे: एखाद्या देशाने कळवले नाही, तर दुसरा देश त्याच्या वतीने कळवू शकतो. आपल्या नियमांचे वर्णन आपण केले नाही तर ते प्रतिपक्षाच्या शब्दांत केले जाईल. यात सार्वभौमत्व कुठे जपले जाते?

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे आणि तो मी पुरता मान्य करतो. निर्बंध आधी जाहीर केला की माल भरून ठेवण्याची झुंबड उडते. २१ दिवसांत आफ्रिकेतून जहाजे निघतील, बंदरात माल ओतला जाईल, आणि ज्या शेतकऱ्यासाठी निर्बंध लावायचा तोच बुडेल. तुरीचे उदाहरण महाराष्ट्राला सांगायला नको. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली, शेतकऱ्यांनी पेरा वाढवला, २०१६-१७ मध्ये विक्रमी पीक आले, आणि त्याच वर्षी देशात ६६ लाख टनांच्या आसपास कडधान्ये बाहेरूनही आली. ५,०५० रुपये हमीभाव कागदावर राहिला. एप्रिल २०१७ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या खरेदी केंद्रांवर तुरीच्या थप्प्या लावून शेतकरी रात्रंदिवस बसले होते. अशा वेळी आयात रोखणे हा सरकारचा अधिकारच नव्हे, कर्तव्य होते. पण निर्बंध आला कधी? ५ ऑगस्ट २०१७ ला, वर्षाला २ लाख टनांचा कोटा घेऊन. उडीद आणि मुगाचा ३ लाख टनांचा कोटा २१ ऑगस्टला. तोवर शेतकऱ्याने पडेल भावात तूर विकून चार महिने झाले होते. गुप्ततेचा फायदा शेतकऱ्याला मिळायचा असेल तर निर्णय कापणीच्या आधी, नोव्हेंबर-डिसेंबरात व्हावा लागतो; आणि तेव्हा निर्णय झाला तर २१ दिवसांची आगाऊ सूचना देऊनही माल फारसा येत नाही, कारण पूर्व आफ्रिकेची तूर ऑगस्टपासून निघते आणि वर्षअखेरीपर्यंत बरीचशी विकली गेलेली असते. उशिरा घेतलेल्या निर्णयालाच गुप्तता लागते.

आणि रातोरात लावलेला निर्बंध टिकतो तरी किती? ३ ऑगस्ट २०२३ ला लॅपटॉप, टॅबलेट, सर्व्हर 'मोकळ्या' यादीतून 'निर्बंधित' यादीत गेले, त्याच क्षणापासून. दुसऱ्याच दिवशी नवी अधिसूचना काढून ३१ ऑक्टोबरपर्यंत सूट द्यावी लागली. म्हणजे गुप्तता पाळून जी साठेबाजी टाळायची होती तिला तीन महिन्यांची, ऐन दिवाळीआधीची मुदत मिळाली, आणि अमेरिका, चीन, दक्षिण कोरिया यांनी जिनिव्हात प्रश्न विचारले ते वेगळेच. १९ ऑक्टोबरला जी ऑनलाइन आयात व्यवस्थापन प्रणाली जाहीर झाली, ती ३ ऑगस्टलाच रकान्यांसह जाहीर झाली असती तर हा सगळा घोळ टळला असता. वाटाण्याच्या बाबतीत आणखी कठीण झाले. डिसेंबर २०१९ मध्ये वाटाण्याला किलोला २०० रुपये किमान आयात किंमत आणि कोलकाता हे एकच बंदर, अशी अट आली. त्याआधीपासूनच्या कोट्यांविरुद्ध आयातदार ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांत जाऊन अंतरिम आदेश मिळवत होते. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अधिकार उचलून धरला, तेव्हा अंतरिम आदेशावर आणलेला माल अडचणीत सापडला. साठेबाजीवरचा खरा उपाय परराष्ट्र व्यापार धोरणातच आहे, १.०५ या परिच्छेदात: निर्बंधाच्या तारखेआधी बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती) निघाले असेल, किंवा रद्द न होणारे लेटर ऑफ क्रेडिट (बँकेचे पैशांच्या हमीचे पत्र) उघडलेले असेल आणि ते १५ दिवसांत महासंचालनालयाकडे नोंदवले असेल, तर माल येऊ द्यायचा. ही सवलत या निर्बंधाला लागू आहे की नाही, हे अधिसूचनेत एका ओळीत लिहिणे राहून जाते आणि पुढचे सहा महिने त्यावर भांडण चालते. लहान आयातदाराला हे भांडण परवडत नाही. परवान्याविना आलेला निर्बंधित माल १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११(ड) खाली जप्तीस पात्र ठरतो, कलम १२५ खाली दंड भरून सोडवावा लागतो, आणि तोवर शिपिंग लाइनचे मोफत दिवस संपून कंटेनरचे डिटेन्शन, म्हणजे तो अडकून राहिल्याचे भाडे, रोज चढत जाते.

माहिती एकाच बाजूला असली की परवान्याचे काय होते, याला आपल्या इतिहासात मोठी उदाहरणे आहेत. १७१७ मध्ये फर्रुखसियरच्या फर्मानाने ईस्ट इंडिया कंपनीला बंगालमध्ये वर्षाला ३,००० रुपयांवर जकातमाफी मिळाली. कंपनीचा माल कोणता, हे दस्तकाच्या चिठ्ठीवर ठरायचे आणि दस्तक कंपनीचेच लोक लिहायचे. त्यांनी आपला खासगी मीठ, तंबाखू, सुपारीचा व्यापार त्याच चिठ्ठ्यांवर केला. कोणत्या मालाला किती दस्तके दिली याचा खुला हिशेब नवाबाच्या चौकीपाशी नव्हता. शेवटी १७६३ मध्ये मीर कासिमने चिडून सगळ्यांचीच जकात माफ केली, आणि त्याचे पर्यवसान पुढच्या वर्षी बक्सारच्या लढाईत झाले. स्वतंत्र भारतात १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याखाली परवान्यांचे राज्य आले. अर्थशास्त्रज्ञ अॅन क्रूगर यांनी १९७४ मध्ये हिशेब मांडला की १९६४ च्या भारतात परवाने आणि तत्सम नियंत्रणांमुळे आयता मिळणारा नफा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के होता, आणि त्यात आयात परवान्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. १९७४ मध्येच पाँडिचेरीच्या व्यापाऱ्यांच्या परवान्यांचे प्रकरण संसदेत गाजले. २१ खासदारांच्या नावाने दिलेल्या निवेदनावरच्या बहुतेक सह्या बनावट निघाल्या. परवाना ज्याच्या हाती त्याला नफा, हे तर उघड आहे. परवाना कोणाला, किती दिवसांत, कशाच्या आधारावर मिळाला हे लपलेले असेल तर तो नफा शेतकऱ्याच्या संरक्षणाच्या नावाखाली दुसऱ्याच्याच खिशात जातो. निर्बंधांच्या बाजूने असलेल्यांनी तर ही माहिती आधी मागायला हवी.

मग कळवायचे काय आणि कसे? तुरीचीच एक ओळ घ्या. शीर्षक 'कडधान्ये' नको. आठ अंकी क्रमांक हवा: ०७१३ ६० ००. त्याच्या पुढे वर्गीकरणाची आवृत्ती हवी, कारण जागतिक वर्गीकरण पाच-सहा वर्षांनी बदलते (२०१२, २०१७, २०२२) आणि जुन्या आवृत्तीतला क्रमांक नव्यात भलत्याच वस्तूला लागू शकतो. मग दर्जा: मोकळी की निर्बंधित, कोणत्या तारखेपासून. कोटा असेल तर टनांत आणि कोणत्या बारा महिन्यांसाठी. कोटा कोणाला, व्यापाऱ्याला की फक्त डाळमिलला; वाटप आलेल्या क्रमाने की अर्जांच्या प्रमाणात. हा रकाना फार महत्त्वाचा आहे. समजा २ लाख टन २,००० मिलमध्ये सारखे वाटले, तर एका मिलला १०० टन, म्हणजे वीस फुटी चार कंटेनर. चार कंटेनरसाठी मोझांबिकचा निर्यातदार वेगळा भाव लावतो, आणि ज्याला हे आधी माहीत असते तो तीन मिलवाल्यांना एकत्र करून सौदा करतो. पुढे, परवाना किती दिवस चालणार आणि मुदत बिल ऑफ लेडिंगच्या तारखेवर मोजायची की माल बंदरात पोचल्याच्या. वाटेतल्या मालाला १.०५ लागू: होय किंवा नाही. शेवटी संपण्याची तारीख. मे २०२१ मध्ये तूर पुन्हा मोकळी झाली तेव्हा ती ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंतच होती; नंतर मुदतवाढीवर मुदतवाढ होत गेली. मुदतवाढ मुदत संपण्याच्या किती दिवस आधी जाहीर होईल, हे लिहिलेले नसल्याने दर वेळी बाजार अंदाजावर चालतो.

यावर एक रकाना आणखी, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा: किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर, सरासरी किती दिवस लागले, मंजूर मालापैकी प्रत्यक्ष किती आला. कराराच्या तिसऱ्या कलमात यातली बरीच माहिती दुसऱ्या देशाने मागितली तर द्यायची आहे. ती न मागता, दर तिमाहीला का देऊ नये? निर्बंधित टायरांना परवाना कोणत्या निकषावर मिळतो, हे २०२० पासून युरोपीय संघ, इंडोनेशिया, थायलंड जिनिव्हात विचारत आले आहेत. हाच प्रश्न भिवंडीच्या गोदामात बसलेल्या वितरकालाही पडलेला असतो. त्याला तो विचारायला समिती नाही, एवढाच फरक.

दुसऱ्या देशांच्या फॉर्मची गरज आपल्यालाही तेवढीच आहे. बांगलादेशात भारतीय कांदा जायचा तर तिथल्या कृषी विस्तार विभागाचे आयात परमिट लागते. तिथल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून तो देश कापणीच्या सुमारास परमिटे थांबवतो आणि भाव चढले की सोडतो. मार्च २०२३ च्या मध्यावर परमिटे थांबली, जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा सुरू झाली. त्या अडीच महिन्यांत नाशिकचा उन्हाळ कांदा चाळीत भरायचा की विकायचा, हे ठरवायला व्यापाऱ्याकडे सीमेवरच्या एजंटाचे फोन हाच आधार. इंडोनेशियाने तर फळे-भाज्यांच्या आयातदारावर अट घातली होती की परवान्यातल्या मालापैकी किमान ८० टक्के माल आणलाच पाहिजे. त्यामुळे प्रत्येक जण मुद्दाम कमी मालाचा परवाना मागायचा. न्यूझीलंड आणि अमेरिकेने हे २०१७ पर्यंत लढून मोडून काढले. अशी अट पहिल्याच दिवशी तक्त्यात दिसली तर भारतासारखा निर्यातदार देशही वेळेत हरकत घेऊ शकतो.

पाचव्या कलमाखालचा दुसऱ्याच्या वतीने कळवण्याचा अधिकार उद्या भारताने लासलगावसाठी वापरायचे ठरवले, तर समितीत पहिला प्रश्न आपल्याच तुरीच्या, टायरच्या, लॅपटॉपच्या रकान्यांबद्दल येईल. ते भरलेले हवेत. त्यासाठी औषध, कृषी आणि पशुसंवर्धन खात्यांकडून परवाना लागणाऱ्या वस्तूंची आठ अंकी यादी जूनमध्येच मागवावी लागेल. जुलैत ती कस्टम्सच्या प्रणालीत प्रत्यक्ष अडवल्या जाणाऱ्या क्रमांकांशी ताडून पाहावी लागेल, कारण दोन्ही याद्या जुळत नाहीत तिथेच माल अडकतो. आणि ऑगस्टमध्ये तोच तक्ता मराठीसह भारतीय भाषांत महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर लावून व्यापाऱ्यांकडून चुका मागवाव्या लागतील. ३० सप्टेंबरला जिनिव्हाला जाईल ती त्याची प्रत.